नव्या गाडीनें गुहागरास

गेल्या वैशाखांत आम्हीं सहकुटुंब गुहागरास जाऊन आलों. व्याडेश्वर हें आमचें कुलदैवत. आणि नवें वाहन घेतलें म्हणजे पहिला लांबचा प्रवास कुलदैवताच्या दर्शनाचा असावा, असा माझ्या मातोश्रींचा आग्रह. त्यांचें वय चौऱ्याऐंशीं. त्यांचा शब्द घरांत सहसा मोडला जात नाहीं, आणि या वेळीं तो मोडण्याचें कारणहि नव्हतें. गुहागर पाहिलेले वाचक पुष्कळ असतील. म्हणून तेथील सागरतीराचें व पोफळींच्या आगरांचें वर्णन मी थोडक्यांतच करणार आहें. या प्रवासांत मला जें विशेष शिकावें लागलें तें वाहनाविषयीं, आणि त्यांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आमची पूर्वींची गाडी लहान, ठेंगणी आणि चौदा वर्षांची होती. मातोश्री, आम्हीं उभयतां, माहेरपणास आलेली कन्या, तिचा चार वर्षांचा मुलगा आणि अभियांत्रिकी शिकणारा माझा पुतण्या, एवढीं माणसें तींत मावेनात. तेव्हां सात आसनांची उंच, धिप्पाड गाडी घ्यावी असें ठरलें. अशा गाडीस हल्लीं एसयूव्ही म्हणतात. ती दारांत येऊन उभी राहिली त्या दिवशीं शेजारच्या गृहस्थांनीं तिला एक प्रदक्षिणा घातली, दारावर बोटांनीं टकटक केलें, आणि "पत्रा भक्कम आहे हो!" असा निर्वाळा देऊन ते चहास बसले. मलाहि तें खरें वाटलें. उंच आसनावर बसल्यावर इतर गाड्यांचीं छपरें दिसतात, आणि आपण घोड्यावर व बाकीचे पायदळांत, असा एक सुखाचा भास होतो.

गाडी घेतांना सौभाग्यवतींनीं विक्रेत्यास एकच प्रश्न केला होता: "ही वळते कशी?" त्यानें उत्तरादाखल छपरांतील उघडणारी कांच दाखविली, आणि नंतर भारत एनकॅपचे पांच तारे दाखविले. ताऱ्यांची गोष्ट खोटी नव्हे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशांत ही परीक्षा सुरू झाली आहे. तींत ताशीं ६४ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी तोंडाच्या एका बाजूनें अडथळ्यावर आदळवितात, दुसऱ्या कसोटींत ताशीं ५० किलोमीटर वेगानें तिच्या कुशींत धडक देतात, आणि आंत बसविलेल्या पुतळ्यांच्या डोक्यास, मानेस, छातीस किती इजा पोंचली तें मोजतात. लहान मुलांच्या संरक्षणाचे तारे निराळे. हें सर्व उपयुक्त आहे. परंतु सौभाग्यवतींच्या प्रश्नाचें उत्तर त्यांत नाहीं. आदळल्यावर माणसांचें काय होईल तें तारे सांगतात. माणसांनीं आणि सामानानें भरलेली गाडी घाटाच्या वळणावर कशी वागेल, तें चालविणारानेंच शिकावयाचें.

पहिली अडचण मात्र वळण्याची नव्हती, चढण्याची होती. गाडीचा उंबरा इतका उंच कीं मातोश्रींचा पाय पोंचेना. मी घाईनें देवघराबाहेरचा चौरंग आणला, तेव्हां त्या म्हणाल्या, "अरे, चौरंगावर पाय देऊं का मी?" शेवटीं कोपऱ्यावरच्या सुताराकडून दीड वीत उंचीचें एक सागवानी स्टूल करून घेतलें. त्यावर पाय ठेवून त्या आंत बसल्या, आणि स्टूल मागच्या सामानांत गेलें.

पहांटे साडेपांचास निघालों. निघतां निघतांच एक वाद झाला. मधल्या आसनावर बसलेल्या मातोश्री पट्टा लावूं देईनात. "बांधून ठेवायला मी काय दावणीचें गुरूं आहें?" पुतण्यानें सप्टेंबर २०२२ मधील सायरस मिस्त्री यांच्या अपघाताची आठवण करून दिली. पालघर जिल्ह्यांतील पुलाशीं आदळलेल्या त्या मोलाच्या गाडींत मागें बसलेले दोघे दगावले, पुढचे दोघे जखमी होऊनहि वाचले. आणि मागच्यांनीं पट्टे लावलेले नव्हते असें पोलिसांनीं सांगितलें होतें. मातोश्रींवर या उदाहरणाचा कांहींएक परिणाम झाला नाहीं. मग आपल्या छोट्या खुर्चींत जखडून बसलेला नातू म्हणाला, "पणजीआजी, तूं नाहीं लावलास तर मीपण काढणार." तेव्हां कोठें पट्टा लागला.

कात्रजचा बोगदा मागें पडला. गाडी ताशीं ऐंशींच्या वर जाऊं लागली कीं आंतून टिकटिक होई. हा इशारा २०१९ पासून नव्या गाड्यांस बंधनकारक आहे, आणि त्रासदायक असला तरी तो योग्य आहे. मला खटकली ती दुसरीच गोष्ट. रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर गाडी चेंडूसारखी उडे, आणि हातांतील चक्र सरळ धरलें तरी ती किंचित् डावीउजवीकडे भरकटे. "उंच गाडी आहे, एवढें चालायचेंच," असें मी म्हणालों. पुतण्यानें मात्र कप्प्यांतून माहितीपुस्तक काढून वाचावयास आरंभ केला. उंब्रजला महामार्ग सोडल्यावर आम्हीं पंक्चर काढणाऱ्या एका मुलाकडून चाकांतील हवा मोजविली. ती निघाली अठ्ठेचाळीस पौंड! चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या तक्त्यांत भरलेल्या गाडीसाठीं छत्तीस लिहिलेले. कारखान्यांतून निघालेल्या गाडींत वाहतुकीसाठीं आणि बरेच दिवस उभी राहावी लागते म्हणून हवा जास्त ठेवतात. ग्राहकाच्या स्वाधीन करण्यापूर्वीं ती कमी करावयाची असते. आमच्या विक्रेत्याकडे हार, पेढे आणि छायाचित्र यांची व्यवस्था चोख होती. हवेची तेवढी राहून गेली. धांवून तापलेल्या चाकांत हवा तीन-चार पौंड अधिक दिसते, हें धरून ती चाळिसावर आणविली. गाडी केवढीहि धिप्पाड असो, ती जमिनीस धरून असते ती चार पंजांएवढ्या जागेवर. आणि चाक फाजील फुगलें कीं तीहि जागा आकसते.

हवा उतरल्यावर गाडी बरीच शहाण्यासारखी चालूं लागली, आणि त्यामुळें मी थोडा शेफारलों. मल्हारपेठ सोडून पाटणकडे जातांना उसाच्या फडांतून एक रेडकूं एकाएकीं रस्त्यावर आलें. वेग साठाच्या आसपास असेल. जुन्या गाडींत केलें असतें तेंच मीं केलें: चक्र झटकन् उजवीकडे आणि लगेच डावीकडे फिरविलें. जुनी गाडी अशा वेळीं माशासारखी निसटून जाई. ही प्रथम एका कुशीवर कलली, मग दुसऱ्या. मातोश्री दाराकडे लोटल्या, पट्ट्यानें त्यांना धरलें. समोर घसरत्या गाडीचें चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकला, आणि कोणी अदृश्य हातानें एकच चाक दाबून धरावें तशी गाडी सांवरली. रेडकूं शेपूट हालवीत पलीकडे गेलें. आंत बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

त्या अदृश्य हाताचा इतिहास मला मागाहून पुतण्याकडून कळला. १९९७ सालीं स्वीडनमध्यें मर्सिडीजच्या ए-क्लास या नव्या, आंखूड पण उंच गाडीची पत्रकारांनीं चांचणी घेतली. तिकडे रस्त्यावर मूस नांवाचा प्रचंड सांबरासारखा प्राणी आडवा येतो. तो चुकविण्यासाठीं चक्र एकदां इकडे, एकदां तिकडे फिरवावें लागतें. त्या चांचणींत गाडी उलटली, आणि मग कंपनीनें प्रत्येक ए-क्लास गाडींत गाडीचें घसरणें ओळखून हव्या त्या एकेका चाकावर ब्रेक लावणारी यंत्रणा बसविली. आमचें रेडकूं हा आमचा मूस. अमेरिकेंत हा धडा अधिक महाग पडला. २००० सालीं तेथें फोर्डच्या एक्स्प्लोरर या उंच गाडीच्या फायरस्टोन टायरांचें प्रकरण गाजलें. धांवतां धांवतां टायरांचे थर सुटत आणि गाड्या उलटत. दोनशेंहून अधिक माणसें त्यांत गेलीं.

देव्हाऱ्यापुढील समई उंच असते, पण तिची बैठक रुंद आणि जड असते; म्हणून मुलांचा धक्का लागला तरी ती सहसा कलंडत नाहीं. गाडीचेंहि तसेंच आहे. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या निमपटीस गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागावें. ठेंगण्या मोटारींत हा आंकडा साधारणतः १.३ ते १.५ येतो, उंच गाड्यांत १.० ते १.३. आंकडा जितका लहान तितकी समई वरून जड. ज्या उंचीमुळें मला घोड्यावर बसल्याचा आनंद होत होता, तिचीच ही दुसरी बाजू. यंत्रणेनें मला एकदां सांवरलें. परंतु ऐंशींच्या वेगांत तिनें तेंच केलें असतें, असें मानण्याचें धाडस मला होत नाहीं.

कोयनानगरास चहा घेतला. धरणाची १०३ मीटर उंचीची भिंत पाहून नातवानें ती कोणी बांधली, किती दिवसांत बांधली, फुटली तर काय, असे प्रश्न विचारून पुतण्यास सळो कीं पळो केलें. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे येथें भूकंप झाला तेव्हां पुण्यांत आमच्या मांडणीवरचीं भांडीं कशीं वाजलीं, तें मातोश्रींनीं सांगितलें.

पुढें कुंभार्लीचा घाट. रस्ता वळणावळणानें सुमारें पांचशें मीटर खालीं पोफळीकडे उतरतो. शिवसागराचें पाणीहि याच डोंगराच्या पोटांतील बोगद्यांतून खालीं नेलें आहे. तें उतरतांना पोफळीच्या भूमिगत वीजगृहांतील यंत्रें फिरवितें. पाणी उतरतांना आपली शक्ति विजेच्या रूपानें देऊन जातें. गाडी उतरतांना आपली शक्ति कोठें देते, हा प्रश्न मला घाटाच्या मध्यावर पडला, आणि तोहि वासानें. प्रथम वाटलें पुढच्या ट्रकाचा असेल. मग पायाखालील ब्रेकची पट्टी मऊ लागूं लागली. एरवीं दोन बोटें दाबली कीं पुरे, ती आतां अर्धी आंत जाऊं लागली. उजव्या हाताला दरी, समोरून चढणारी एस्‌टी. त्या दोन वळणांत माझ्या तळहातांस घाम फुटला, हें कबूल करतों. सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं फक्त दाराची मूठ धरली.

रुंदशी जागा पाहून गाडी थांबविली. तेथें एक ट्रकवाला इंजिनाचें झांकण उघडून बसला होता. त्यानें लांबूनच वास ओळखला. "सायब, बिरेक तापलं. आतां पाणी मारूं नका, गार होऊं द्या आपसूक. ज्या गेरांत घाट चढतो ना, त्याच गेरांत उतरायचा." मी म्हणालों, माझ्या गाडीला गिअर आपोआप पडतात. तो हसला: "आपोआप पडत्यात ते चढायला. उतरायला सांगावं लागतं."

तेंच खरें होतें. गिअरच्या दांड्यास डावीकडे ओढून दुसरा गिअर कायम धरतां येतो, हें माहितीपुस्तकांत लिहिलें होतें. मीं तें पान वाचलें नव्हतें. गाडी निवेपर्यंत अर्धा तास बसलों. पुतण्यानें एका बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला: माणसांसह गाडीचें वजन चोवीसशें किलो धरलें तर पांचशें मीटर उतरतांना निघणाऱ्या उष्णतेंत पस्तीस लिटर थंड पाण्यास आधण येईल. आमच्या जुन्या वाड्यांतला तांब्याचा बंब साधारण तेवढाच होता. तो सबंध बंब मी पायाच्या जोरावर चाकांच्या तबकड्यांवर तापवीत होतों. उरलेला घाट दुसऱ्या गिअरांत उतरलों. इंजिन गुरगुरत राहिलें, ब्रेकला प्रत्येक वळणापाशीं तेवढा स्पर्श.

खालीं उतरल्यावर कोंकण सुरू झालें: दमट हवा, जांभ्या दगडाचीं घरें, रस्त्याच्या कडेस काजूंचे ढीग. चिपळुणास जेवून तिसऱ्या प्रहरीं गुहागरास पोंचलों. वरचा पाट, खालचा पाट असा हा गांव एका लांब रस्त्याच्या दोन्ही अंगांस पसरला आहे. समुद्राकडे नारळी-पोफळींचीं आगरें, आणि त्यांपलीकडे मैलोगणती पुळण. गडग्यांच्या मधून जाणाऱ्या आंतल्या वाटा बैलगाडीसाठीं झालेल्या. आमच्या गाडीच्या दोन्ही आरशांस गडग्यावरच्या जास्वंदी घांसत होत्या. व्याडेश्वराचें दर्शन, अभिषेक, देवळाच्या थंड फरसबंदीवर मातोश्रींनीं घटकाभर टेकलेली पाठ. दुसऱ्या दिवशीं पहांटे ओहोटीच्या ओल्या वाळूवर नातवाची धांवाधांव. हें सर्व यथासांग झालें, आणि त्याचें सुख ज्यानें त्यानें अनुभवावें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं हेदवीच्या दशभुज गणपतीस जावयाचें होतें. ज्यांच्या घरीं उतरलों होतों त्या काकांच्या खळ्यांत गाडी तोंड आंत करून उभी होती. ती मागें घेऊन वाटेवर काढावयाची होती. गाडीस मागें पाहणारा कॅमेरा आहे, पण त्याच्या भिंगावर तीन दिवसांची तांबडी धूळ बसली होती, आणि पडद्यावर नुसता धुरकट प्रकाश दिसे. मागें कांहीं आलें कीं वाजणारी घंटाहि आहे. परंतु गडगा, जास्वंद, तुळशीवृंदावन, सर्वांनाच ती वाजे, म्हणून दोन दिवसांत तिचें बोलणें मनावर घेण्याचें मीं सोडून दिलें होतें. घंटा वाजत होती. मी आरशांत पाहिलें, मान वळवून पाहिलें, कोणी नव्हतें. हळूंच गाडी मागें घेतली. लांकूड कडकडल्याचा आवाज झाला.

उतरून पाहिलें तों मातोश्रींचें स्टूल. त्यांना गाडींत बसावयाचें म्हणून पुतण्यानें तें बाहेर काढलें होतें, आणि नातवानें तें उचलून गाडीच्या मागें सांवलींत नेलें होतें. त्यावर बसून तो मांजराच्या पिलाशीं खेळत होता. कन्येनें त्याला आंब्यानें माखलेले हात धुण्यास विहिरीवर बोलाविलें, त्याला मोजून दोन मिनिटें झालीं असतील. तो विहिरीपाशीं ओले हात झटकीत उभा होता आणि "माझें स्टूल मोडलें" म्हणून रडण्याच्या बेतांत होता.

काका म्हणाले, "स्टूलच ना? जाऊं दे." ओटीवर मातोश्रींचा जप चालला होता, तो थांबला. मला कोणी एक शब्द बोललें नाहीं. हेदवीस त्या दिवशीं गेलों नाहीं.

दुपारीं मीं आणि पुतण्यानें एक प्रयोग केला. बसलेल्या नातवाच्या डोक्याएवढ्या उंचीची काठी घेऊन पुतण्या गाडीच्या मागें उभा राहिला. मी चालकाच्या जागीं. सामान भरलेल्या गाडींतून मागच्या कांचेंत त्या काठीचें टोंक मला दिसेपर्यंत तो दहा पावलें मागें गेला. पुढच्या बाजूस, त्या रुबाबदार नाकापुढें, दोन पावलें. जुन्या ठेंगण्या गाडींत हा हिशेब मला कधीं करावा लागला नव्हता. दूरचें सर्व दिसतें म्हणून जिची मी प्रशंसा करीत होतों, त्या बैठकीवरून जवळचें दिसत नव्हतें.

२००२ सालीं अमेरिकेंत लाँग आयलंड येथें एका बापानें रात्रीं आपली उंच गाडी मागें घेतली, आणि तिच्यामागें त्याचा दोन वर्षांचा मुलगा होता. तो बाप स्वतः मुलांचा डॉक्टर होता. त्यानें आरशांत पाहिलें होतें. कॅमरॉन गुलब्रॅनसन हें त्या बालकाचें नांव धारण करणारा कायदा तेथें २००८ सालीं झाला, आणि मे २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीस मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे जुलै २०१९ पासून मागची घंटा सक्तीची आहे. या दोन्ही वस्तु माझ्या गाडींत होत्या. एकीवर धूळ होती, दुसरीकडे माझें लक्ष नव्हतें.

त्या दिवसापासून आमच्या घरांत असें ठरलें आहे कीं, गाडी जागची हालण्यापूर्वीं मी तिच्याभोंवतीं पायीं एक फेरी घालावी, भिंग पुसावें, आणि मुलाचा हात कोणा एकाच्या हातांत आहे हें डोळ्यांनीं पाहावें. "हात कोणाच्या हातांत आहे?" असें मी विचारतों, आणि "माझ्या" असें उत्तर आल्याशिवाय चक्रास हात लावीत नाहीं. सोसायटींतले लोक पाहतात. शेजारचे गृहस्थ एकदां म्हणाले, "रोज प्रदक्षिणा? गाडीलाच कुलदैवत केलेंत कीं काय!" पहिली प्रदक्षिणा त्यांचीच होती, याची मीं त्यांना आठवण दिली नाहीं.

निघण्याच्या सकाळीं काकांनीं आंब्यांच्या चार पेट्या आणि दोन अगडबंब फणस आणून ठेविले. काकांचा मुलगा ते टपावर बांधण्यासाठीं सुंभ घेऊन आला. टपावर भार चढविणें म्हणजे समईच्या डोक्यावर वरवंटा ठेवणें, हें आतां मला कळत होतें. मीं नको म्हणतांच त्याला वाईट वाटलें. पुण्याच्या माणसाला नव्या गाडीचा रंग जपावयाचा आहे, अशी त्याची समजूत झाली असावी. पेट्या मागच्या तळाशीं बांधल्या, फणस पुतण्याच्या पायांशीं ठेविले. कुंभार्लीपर्यंत गाडीभर फणसाचा वास घमघमत होता, आणि या खेपेस दुसरा वास आला नाहीं.

मातोश्रींना चढतांना मीं आणि पुतण्यानें दोन्ही बाजूंनीं हात दिला. स्टुलाचे दोन पाय आणि फळी काकांनीं बंबांत घालूं का म्हणून विचारलें; मातोश्रींनीं तीं परत मागून घेतलीं. तीं अद्याप गाडीच्या मागें आहेत. सुतार म्हणतो नवें करणें स्वस्त पडेल, पण मातोश्रींना तेंच दुरुस्त करून हवें आहे.